ऑपरेशनमध्ये इजा झाली, आता भरपाईसाठी दाद कशी मागायची? आम्ही ज्यातून गेलो ते सगळं पायरीपायरीने

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्सचं दुकान आहे. कोर्टकचेरीशी संबंध एवढाच की लोक सातबारा, आधार, नोटीस घेऊन येतात आणि मी कॉप्या काढून देतो. फेब्रुवारी २०२१ ला आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, खडे होते, "तीन दिवसात घरी" असं सांगितलेलं, आणि त्यात पित्तनळीला इजा झाली. पुढचे चार महिने दवाखाने आणि पुढची काही वर्षं ग्राहक आयोग. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, अपील चालू आहे आणि तसंही त्याचा तुम्हाला उपयोग नाही. उपयोग होईल तो आम्ही कुठे चुकलो याचा, कारण सुरुवातीला आम्हाला साधं कुठे जायचं हेच कोणी सांगत नव्हतं, एक जण म्हणाला पोलिसात जा, दुसरा म्हणाला आमदाराला भेटा, तिसऱ्याने तर थेट म्हटलं की डॉक्टरविरुद्ध कधीच काही होत नाही. होतं. पण वेळ लागतो आणि कागद लागतात. मी वकील नाही हे आधीच सांगतो, तुमच्या केसमध्ये बारकावे वेगळे असतील.

१. आधी पेशंट, मग केस

सगळ्यात आधी पेशंटला नीट उपचार मिळतील अशा ठिकाणी न्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आईचं पोट फुगायला लागलं, बेंबीच्या बाजूची पट्टी पिवळसर-हिरवट ओली व्हायची, सिस्टर बदलून जायची, डॉक्टर म्हणायचे गॅस आहे, चालवा त्यांना. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. पाचव्या दिवशी सकाळी चहा देताना बहिणीला आईचे डोळे पिवळे दिसले. परत नेलं, परत ॲडमिट, परत "थांबू दोन दिवस, उतरेल". नवव्या दिवशी आम्हीच ॲम्ब्युलन्स करून पुण्याला हलवलं, तिथे एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) केल्यावर कळलं की पित्तनळीवरच क्लिप बसलीय आणि पित्त पोटात सांडतंय.

या टप्प्यावर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

हलवताना दवाखाना एका कागदावर सही मागतो, "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" अशी. सही केल्याशिवाय सोडत नाहीत म्हणून सगळे करतात, आम्हीही केली. पण करताना खाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहा की का नेताय, उदाहरणार्थ "कावीळ वाढत असून येथे निदान होत नसल्याने पुढील उपचारासाठी नेत आहोत", तारीख आणि वेळ टाका आणि मोबाईलवर फोटो काढा. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. नंतर दवाखान्याच्या कैफियतीत (आयोगात दिलेल्या लेखी उत्तरात) पहिलाच मुद्दा हा की पेशंट स्वतःहून सल्ला न मानता निघून गेला.

फोटो काढत राहा. ओली पट्टी, ड्रेनची (पोटातलं पाणी-पित्त बाहेर काढणाऱ्या नळीची) पिशवी, त्यात किती एमएल आलंय, डोळे, सुजलेला पाय, जे असेल ते. घाण वाटते, आईचे असे फोटो काढताना हात थरथरतो, तरी काढा.

आणि तोडफोड, शिवीगाळ, धक्काबुक्की अजिबात नको. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, डॉक्टर किंवा दवाखान्यावर हल्ला केला तर गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, वर पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी काच फुटली की पेपरात बातमी काचेची येते, पेशंटची नाही.

पेशंट दगावला असेल आणि शंका असेल तर अंत्यविधीच्या आधी पोलिसांना लेखी कळवून पोस्टमॉर्टेम करून घ्या. घरातली मोठी माणसं म्हणतात आता कशाला चिरफाड, त्यांचं दुःख समजतं, पण नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करायला हातात काहीच राहत नाही.

२. कागद ताब्यात घ्या, आणि लवकर घ्या

तुमची निम्मी केस इथेच जिंकते किंवा हरते. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे त्यांनी लिहिलेला दोन पानी सारांश. तुम्हाला लागतात ते पूर्ण इनडोअर केसपेपर, म्हणजे ॲडमिट असतानाचं सगळं रेकॉर्ड.

२००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. "रेकॉर्ड आमची प्रॉपर्टी आहे", "साहेब बाहेरगावी आहेत", "वकिलाची नोटीस आणा" असली उत्तरं ऐकून परत येऊ नका. साध्या कागदावर पेशंटच्या सहीचा अर्ज करा, दोन प्रती, एक त्यांना, एकीवर तारखेसह आवकचा शिक्का आणि सही. शिक्का देत नसतील तर तिथूनच पोस्टात जा आणि पोचपावतीसह पाठवा, शिवाय दवाखान्याच्या ईमेलवर टाका. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

अर्जात नुसतं "सर्व रेकॉर्ड" लिहू नका, नावं लिहा:

– ॲडमिशनचे पेपर आणि ऑपरेशनआधीच्या सगळ्या तपासण्या
– संमतीपत्र, भूल देण्याचं वेगळं संमतीपत्र असेल तर तेही
– ऑपरेशन नोट्स आणि भूलतज्ज्ञाच्या नोट्स
– सिस्टरच्या नोट्स, टेंपरेचर-नाडीचा तक्ता, सलाईन-लघवीचा तक्ता, ड्रेनचा तक्ता
– ऑपरेशन थिएटरची सेफ्टी चेकलिस्ट आणि गॉझ-मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी
– दुर्बिणीच्या ऑपरेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग
– काढलेल्या अवयवाचा बायोप्सी रिपोर्ट
– सोनोग्राफी, सीटी, एमआरआयच्या फिल्म किंवा पेनड्राइव्ह, नुसता रिपोर्ट नको
– आयटमवार बिल आणि पावत्या

सेफ्टी चेकलिस्टबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही यादी आणली, भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी अशा तीन वेळा टीमने थांबून तपासायचं असतं, पेशंट तोच ना, बाजू तीच ना, गॉझ मोजून तेवढेच भरले ना. पोटात मॉप राहिला किंवा डाव्याऐवजी उजवा गुडघा उघडला अशा केसमध्ये हे एक पान फार बोलतं. ते पान नसणं त्याहून जास्त बोलतं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आम्हाला केसपेपर मिळाले ते पंधरा दिवसांनी, ६४ पानं. आईचा मेडिक्लेम होता, कॅशलेस झालेलं, म्हणजे डिस्चार्जच्या वेळी दवाखान्याने टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी संस्था) कागद पाठवलेच असणार. विमा कंपनीला अर्ज करून तो सेट मागवला. तो ६१ पानांचा निघाला. दुकानातल्या काउंटरवर दोन्ही सेट शेजारी शेजारी ठेवून रात्री एकेक पान लावत बसलो. जास्तीची तीन पानं पहिल्या चार दिवसांतलीच, आणि त्यातल्या एकावर लिहिलेलं, "मोठ्या सेंटरला नेण्याचा सल्ला दिला, नातेवाईकांचा नकार". खाली आमच्या कोणाची सही नाही. तीन वेगवेगळ्या रात्रींच्या नोंदी, तीन वेगळ्या ड्युटीच्या, पण अक्षर एक, पेन एक, ओळीची सुरुवातसुद्धा समासापासून तेवढ्याच अंतरावर. मी रोज हजार कागद बघतो हो, एका बैठकीत लिहिलेलं पान मला कळतं. आयोगाच्या निकालात पुढे या तीन पानांवर अख्खा परिच्छेद आला.

म्हणून मेडिक्लेम असेल तर विमा कंपनीकडचा सेट नक्की मागवा, आणि शक्यतो दवाखान्याकडे अर्ज करायच्या आधी.

अजून एक, औषधांच्या दुकानातली गुळगुळीत कागदावरची बिलं सहा महिन्यांत पांढरी पडतात. आलं बिल की त्याच दिवशी झेरॉक्स. माझ्याकडेच या असं नाही, कुठेही काढा.

३. बिघडलं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही

हे वाचायला कडू लागेल. पित्तनळीला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, गर्भपिशवी काढताना मूत्रनलिकेला लागणं हाही, आणि चांगल्या सर्जनच्या हातूनही हे होतं. कायदा डॉक्टरकडे देवत्व मागत नाही, त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढंच बघतो. जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, आणि प्रत्येक डॉक्टरचा वकील हाच निकाल घेऊन येतो.

मग आपलं काय चालतं? आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत मला एक वाक्य सांगितलं ते मी वहीवर लिहून ठेवलं, "नळी का कापली हे विचारू नका, कापल्यावर नऊ दिवस काय केलं ते विचारा." बहुतेक केसमध्ये खरा मुद्दा हाच निघतो. पट्टी ओली होत होती तर सोनोग्राफी का नाही? पोट फुगलेलं असताना डिस्चार्ज का? कावीळ दिसल्यावर चार दिवस कशाची वाट बघत होते? इजा होणं ही गुंतागुंत असू शकते, ती ओळखायला उशीर करणं, लपवणं, वेळेत पुढे न पाठवणं याला गुंतागुंत म्हणता येत नाही.

काही गोष्टी मात्र स्वतःच बोलतात, तिथे डॉक्टरलाच खुलासा करावा लागतो. पोटात टॉवेल राहणं, चुकीची बाजू, चुकीचा अवयव. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात मॉप राहिला आणि ती गेली, सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं, पण कधी, तर १९९६ ला. तेहतीस वर्षं. (ती दिवाणी दाव्याची वाट होती, ग्राहक आयोग एवढा वेळ घेत नाही, घाबरू नका.)

संमतीपत्राचं पण बघा. कोरा इंग्रजी फॉर्म, तोही ॲडमिशनच्या काउंटरवर, "इथे इथे सही करा". सही आहे म्हणजे सगळं माफ असं नसतं. समीरा कोहली केसमध्ये २००८ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. कोणतं ऑपरेशन, कोणते धोके, दुसरा पर्याय काय हे पेशंटला समजेल असं सांगायला हवं. तुमचा फॉर्म काढून वाचा, त्यात ऑपरेशनच्या नावाची जागा रिकामी आहे का, मागाहून भरलीय का, साक्षीदार म्हणून कोणाची सही आहे.

४. दुसऱ्या डॉक्टरचं मत

कायद्याने प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही, व्ही. किशन राव केसमध्ये २०१० ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. पण प्रत्यक्षात सर्जरीच्या केसमध्ये तज्ज्ञ मत नसेल तर समोरचे तेवढाच मुद्दा धरून बसतात. अडचण ही की एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही. मी सात जणांकडे गेलो, चार जणांनी चहा पाजला, तिघांनी तोंडी सांगितलं "चूक झालीय", लिहून एकानेही दिलं नाही.

यावर उपाय असा की "हलगर्जीपणा झाला" हे शब्द कोणाकडे मागूच नका. ज्या डॉक्टरने दुसरं ऑपरेशन केलं त्याला विनंती करा की आत काय दिसलं ते ऑपरेशन नोट्समध्ये आणि डिस्चार्ज कार्डात नीट लिहा: नळी कुठे तुटली होती, क्लिप कुठे होत्या, पोटातून किती पित्त काढलं, पेशंट आला तेव्हा बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) किती होतं. हे तर त्यांना लिहायचंच असतं. आमच्या पुण्याच्या सर्जनने एक शब्दही कोणाविरुद्ध लिहिला नाही, पण सहा ओळींत जे दिसलं ते लिहिलं, आणि त्या सहा ओळींनी काम केलं.

त्याशिवाय आयोगाला अर्ज करता येतो की सरकारी मेडिकल कॉलेजच्या समितीचं मत मागवा. आणि सर्जरीच्या पाठ्यपुस्तकातली त्या ऑपरेशनवरची पानं जोडता येतात, एमबीबीएसच्या पोरांकडे असतात ती पुस्तकं, फक्त आवृत्ती आणि पान नंबर नीट लिहा.

५. कोणतं दार ठोठवायचं

दारं चार आहेत आणि चारही ठिकाणी वेगवेगळं मिळतं, इथे लोक फार गोंधळतात.

पैशाच्या रूपात भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे व्ही. पी. शांता केसमध्ये १९९५ लाच ठरलंय. पैसे तुम्ही भरले, विमा कंपनीने भरले की कंपनीने, तरी चालतं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारा सरकारी किंवा धर्मादाय दवाखाना मात्र यात येत नाही, दहा-वीस रुपयांचा केसपेपर काढला म्हणून तुम्ही ग्राहक होत नाही. पण जिथे काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट करतात, तिथला फुकटवाला पेशंटही ग्राहक धरतात.

मोफत सरकारी दवाखान्याच्या बाबतीत दिवाणी दावा, हे दुसरं दार. तिथे मागणीच्या रकमेवर कोर्ट फी लागते आणि वेळही जास्त.

तिसरं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. ते डॉक्टरला ताकीद देऊ शकतात, काही काळ रजिस्टरवरून नाव काढू शकतात, पण तुम्हाला एक रुपया देऊ शकत नाहीत. डॉक्टर ॲलोपॅथीचा आहे का तेही तपासा, आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कौन्सिलं वेगळी आहेत. आम्ही आयोग आणि कौन्सिल दोन्हीकडे गेलो, दोन्ही एकाच वेळी चालतं.

चौथं पोलीस. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), त्यात डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फौजदारीसाठी हलगर्जीपणा अगदी ढोबळ, घोर असावा लागतो, आणि पोलिसांना आधी सरकारी डॉक्टरांचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं, पुण्यात ससून या सरकारी दवाखान्याच्या समितीकडे जातं तसं. तिथून अहवाल "हलगर्जीपणा नाही" असा आला की तोच कागद तुमच्याविरुद्ध आयोगात फिरतो. रागाच्या भरात पहिलं पाऊल पोलीस स्टेशनकडे टाकू नका, आधी कागद वाचून घ्या.

६. दोन वर्षं, एवढीच मुदत

ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण लागतं. "तडजोडीची बोलणी चालू होती" हे सहसा चालत नाही, आणि दवाखाने नेमकं हेच करतात, बघू, बसू, ट्रस्टींशी बोलतो, दिवाळीनंतर या.

पोटात काही राहिलेलं फार उशिरा कळलं तर? कळलं त्या दिवसापासून मुदत धरायचा मुद्दा मांडता येतो, पण एक केस ध्यानात ठेवा. मुंबईतलं १९९३ चं पित्ताशयाचंच ऑपरेशन, गॉझ निघालं २००२ ला, आणि २०१० ला सुप्रीम कोर्टाने तक्रार मुदतीबाहेर ठरवली, कारण एवढी वर्षं दुखत असूनही त्या डॉक्टरकडे परत दाखवलंच नव्हतं. म्हणून दुखत असेल तर जा, दाखवा आणि दाखवल्याचा कागद ठेवा.

आम्ही जानेवारी २०२३ ला दाखल केली, दोन वर्षं संपायला महिना राहिला होता. एवढं ताणू नका, झोप लागत नाही.

७. वकील आणि नोटीस

आयोगात वकिलाशिवाय स्वतः केस चालवता येते, पण ऑपरेशनच्या केसमध्ये मी तरी म्हणेन वकील घ्या, आणि ज्याने मेडिकलच्या केस आधी चालवल्यात असाच घ्या. पहिल्या भेटीत कागद समोर ठेवा आणि बघा तो सिस्टरच्या नोट्स उघडतो की थेट फीवर येतो. "मिळेल त्यातले तीस टक्के द्या" असं म्हणणारा भेटला तर सावध, भरपाईत हिस्सा घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण पाठवावी. उत्तरात ते काय भूमिका घेतात ते कळतं. आमच्या नोटिशीच्या उत्तरात त्यांनी लिहिलं की इजा झालीच नव्हती, आणि आयोगातल्या कैफियतीत लिहिलं की इजा झाली पण ती ज्ञात गुंतागुंत आहे. दोन्ही कागद शेजारी जोडले, बस.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. नोटीस गेल्यावर फोन येतो, "बिलाचे पैसे परत देतो, एक कागद आहे". त्या कागदावर "पूर्ण आणि अंतिम" किंवा "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असलं काही असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. तडजोड वाईट नाही, आयोगातसुद्धा मध्यस्थीची सोय आहे, पण पुढचं एक ऑपरेशन बाकी असताना मागच्या बिलावर मिटवणं म्हणजे फसगत.

आणि हो, सोशल मीडियावर डॉक्टरचं नाव घेऊन पोस्टी टाकू नका. भावाने टाकली होती, बदनामीची नोटीस आली, काढावी लागली.

८. तक्रार लिहिणं

वकील लिहितील, पण कच्चा माल तुमचा. एक साधी वही घ्या, डावीकडे तारीख आणि वेळ, मधे काय झालं, उजवीकडे त्याचा पुरावा कोणत्या पानावर. "दि. १९, सकाळी ७, पट्टी ओली, सिस्टरने बदलली, केसपेपर पान २३". विशेषणं नकोत. निष्काळजी, पैसेखाऊ, कसाई हे शब्द मी पहिल्या मसुद्यात घातलेले, वकीलबाईंनी लाल पेनने सगळे काढले.

सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून सर्जन, दवाखाना, गरज असेल तर भूलतज्ज्ञ. "ते व्हिजिटिंग डॉक्टर होते, आमचे नोकर नाहीत" हा दवाखान्याचा बचाव सहसा टिकत नाही, म्हणून दवाखाना सोडू नका. डॉक्टरचा व्यावसायिक विमा असतो, ती कंपनीही पुढे येते.

रकमेचं गणित नीट करा: झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेली कमाई, शारीरिक-मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. आमचं पहिलं बिल १ लाख १० हजार, पुण्यातलं ४ लाख ६० हजार. आई घरी शिवणकाम करायची, त्याचा पुरावा काय, तर गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली तिची वही आणि दोन गिऱ्हाइकांची शपथपत्रं. तीच लावली.

९. दाखल कुठे, फी किती

जिल्हा आयोग की राज्य आयोग हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, दवाखान्याला किती पैसे भरले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत भरले असतील तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. म्हणजे आपल्यासारख्यांची केस जवळपास नेहमी जिल्ह्यालाच. फीसुद्धा भरलेल्या पैशावर: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००.

२०१९ च्या नव्या कायद्यात एक फार चांगली सोय झाली, तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑपरेशन मुंबईत झालं आणि तुम्ही लातूरला राहता तर लातूरला टाका. ऑनलाईन दाखल करायचं तर आता ई-जागृती पोर्टल आहे. आमच्या वेळी ई-दाखिल होतं. मराठीत तक्रार जिल्ह्याला चालते.

सेटमध्ये हे लागतं: अनुक्रमणिका, तक्रार, शपथपत्र, वकीलपत्र, तारीखवार घटनांची यादी, पान नंबर टाकलेले कागद, ओळख-पत्ता पुरावा, पेशंटला येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र, पेशंट हयात नसेल तर वारसांचे कागद. जेवढे सामनेवाले तेवढे सेट, अधिक आयोगाचे, अधिक तुमचा. मूळ कागद कधीच देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. आणि झेरॉक्स काढताना पान नंबर मूळ सेटवर आधी टाका मग कॉप्या काढा, उलटं केलं की रात्रभर नंबर टाकत बसाल.

१०. तारखा

सामनेवाल्यांना कैफियत द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. ४५ दिवसांनंतर घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० ला पक्कं केलंय, म्हणून नोटीस बजावल्याची तारीख तुम्ही लिहून ठेवा. पुढे पुरावा शपथपत्र, मग लेखी प्रश्नावली, डॉक्टरला प्रश्न लेखी पाठवायचे आणि उत्तर लेखीच, मग लेखी युक्तिवाद, मग तोंडी. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत. आमचे अडीच वर्षं लागले. कधी सदस्यांची जागा रिकामी, कधी समोरचा वकील आजारी.

प्रश्नावली नीट करा, तिथे हुशारी लागते. "तुम्ही हलगर्जीपणा केला का" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणार. आमचा एक प्रश्न असा होता: "पान २३ ते २५ वरील नोंदी कोणी केल्या, त्यांची नावं आणि त्या रात्रीचं ड्युटी रजिस्टर द्या." उत्तर आलं, रजिस्टर उपलब्ध नाही.

११. निकाल आणि नंतर

निकाल २०२५ मध्ये लागला, तक्रार अंशतः मंजूर, साडेसात लाख आणि व्याज. अंशतः हा शब्द वाचून नाराज होऊ नका, तो जवळपास प्रत्येक निकालात असतो. अपिलाला ४५ दिवस, आणि पैसे द्यायचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी भरली, अपील राज्य आयोगात आहे. त्यांनी अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत तर दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) दाखल करायची, आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

अपील झालं की लगेच आपल्या वकिलाला विचारा की जमा झालेल्या रकमेतून काही काढायला अर्ज करता येतो का. आम्ही सहा महिन्यांनी विचारलं. आईला दर सहा महिन्यांनी लिव्हरच्या तपासणीला न्यावं लागतं, त्या पावत्या मी अजून त्याच फाईलला लावतो, पान नंबर ३१८ वर आलोय.